पहाटेची बाटली

दोन्हीकडचे मामा फालेसीला आरोग्य केंद्राकडे घेऊन निघाले तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. पुढे नवऱ्याचा मामा कलिंडे, मध्ये ती, आणि मागे काठी टेकत, खोकत तिचा स्वतःचा मामा जैलोसी. तिच्या हातात झाकणाची प्लास्टिकची बाटली होती आणि बाटलीत तिची लघवी. ती भरताना गवताच्या कुडापाशी कलिंडेची बायको उभी राहिली होती. बाटलीत जातंय ते फालेसीचंच आहे ना, याची खात्री करायला. एका मुलीची आई असलेल्या बाईला असं कुणासमोर बसावं लागणं म्हणजे काय, हे त्या दोघा मामांना कुणी सांगायचं? कुणी सांगितलं नाही.

“नीट धर,” कलिंडे वळून न बघता म्हणाला. “सांडलीस तर लोक म्हणतील मुद्दाम सांडली.”

“सांडायची असती तर ती घरीच नसती का बसली?” मागून जैलोसी म्हणाला.

“घरी बसली असती तर ही वेळच आली नसती, जैलोसी.”

फालेसीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आदल्या दुपारपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. उपास मामांनीच ठरवला होता, वेळही त्यांनीच. डावीकडे तळं पसरलेलं होतं, रात्रीच्या होड्या किनाऱ्याला लागत होत्या, आणि होड्यांवरची माणसं हातातलं काम टाकून या तिघांकडे टक लावून बघत होती. त्यांच्यात वायसन असेल का, हे तिनं मान वर करून पाहिलं नाही.

वायसन तिचा नवरा. लग्न झाल्यावर सगळे येतात तसा तोही बायकोच्या गावी राहायला आला होता. तिच्या आईच्या अंगणालगत त्यानं स्वतःच्या हातानं विटा पाडून घर बांधलं. चांगला होता तो. हे फालेसीनं अजूनही कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. दारू बेताची, हात कधी उगारला नाही, मोठा मासा मिळाला की आधी सासूच्या घरी पोचता करायचा. एनिफा झाली तेव्हा तो तिला छातीवर झोपवून जाळी विणत बसायचा.

एनिफा शाळेत जायला लागली, तरी तिच्या पाठीवर दुसरं काही आलं नाही. फालेसीच्या ओटीपोटात दुखायचं. लघवीला आग व्हायची. पाळी नसतानाही मधूनच कपड्याला लाल डाग पडायचा. आधी तिनं अंगावर काढलं. मग केंद्रात गेली, तर तिथल्या घाईतल्या माणसानं काही न तपासता तिला त्या आजाराच्या गोळ्या दिल्या, जो दहा ठिकाणी झोपणाऱ्यांना होतो, आणि वर म्हणाला, “नवऱ्यालाही आण.” त्या गोळ्या मिळायची खिडकी वेगळी होती. त्या खिडकीशी कोण उभं आहे हे अख्खं गाव येता-जाता बघायचं. गोळ्यांनी गुण आला नाही, बोभाटा तेवढा झाला.

वायसन होडीवर चढला की बाकीचे गप्प व्हायला लागले. एके दिवशी ते गप्प झाले नाहीत. त्या संध्याकाळी त्यानं मक्याच्या पिठाच्या न्सिमाचं ताट पुढे सरकवलं आणि जमिनीकडे बघत विचारलं, “मला काही आजार नाही. तुला आहे. मग तुला कुठून आला?”

“तळ्यातून,” ती म्हणाली. “लिकोझो आहे हा. शाळेत पोरांना गोळ्या द्यायला आलेली बाई सांगत होती, बायांनाही होतो.”

लिकोझो म्हणजे लघवीतून रक्त पाडणारा आजार, गावातल्या पोरांना सर्रास होणारा. दुसऱ्या दिवशी वायसन कलिंडेकडे राहायला गेला आणि त्यानं लग्नाच्या जामिनांना बसवलं. तिकडे लग्न लागतं तेच मुळी दोन मामांच्या जामिनावर, आणि मोडायचं झालं तर तेही त्यांच्याच पुढ्यात. फालेसीच्या आईच्या अंगणात चटया पडल्या. शेजारपाजारच्या बाया कुडाला टेकून बसल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण अशा वेळी बोलवावं लागत नाही.

लिकोझोचं नाव निघालं तसा कलिंडे मोठ्यानं हसला. “अगं, लिकोझो पोरांना होतो! आमचा हा वायसन मिसरूड फुटायच्या आत लाल मुतला, तेव्हा याच्या आजीनं कोंबडी कापली. पोरगा मर्द झाला म्हणून. बाईला कसला आलाय लिकोझो? उद्या म्हणशील मला दाढी आली.”

कुडापाशी बसलेल्या बायासुद्धा हसल्या. त्यांच्यातल्या किती जणी तसलेच डाग गुपचूप धूत असतील, देव जाणे. गावात असंच चालत आलेलं होतं. पोराच्या लघवीत रक्त आलं की तो वयात आला, बाईच्या लघवीत आलं की ती वाया गेली. रक्त तेच, तळंही तेच, पण त्याचा अर्थ लावणारे पुरुष होते.

जैलोसी मामा भला माणूस होता, पण भांडणाला भिणारा. त्यानं तोडगा काढला. “केंद्रात लघवी तपासतात. लिकोझोची अंडी असली तर दिसतात म्हणे. तपासू या. दोघांचंही समाधान होईल.”

तोडगा चांगला होता. कलिंडेनं त्याची पार वाट लावली. त्याच्या आजोबांच्या काळी कुणावर आळ आला की मुआवीचा काढा पाजत. झाडाच्या सालीचं विष ते. ओकून पडलं तर माणूस निर्दोष, मेलं तर दोषी. सरकारनं ते कधीच बंद केलं, पण कलिंडेच्या डोक्यातून ते गेलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणाच्याच गेलेलं नव्हतं. तपासणी म्हटल्यावर त्याला मुआवीच आठवला. म्हणून ठरलं: पहाटे, सूर्य उगवायच्या आत. उपाशी पोटी. साक्षीदारासमोर. आणि एकदाच. अंडी दिसली तर कलिंडेनं बकरा द्यायचा आणि भाच्यानं माफी मागायची. नाही दिसली तर फालेसीनं सगळ्यांसमोर गुडघे टेकून कबूल करायचं आणि वायसननं आपलं सामान उचलायचं. फालेसी लगेच हो म्हणाली. तिला वाटलं, मशीन तर कुणाच्या बाजूचं नसतं.

केंद्रात प्रयोगशाळेची सिस्टर मटिल्डा होती. बुटकी, जाडी, सदा वैतागलेली, पण काम चोख. त्या घाईतल्या माणसाची बदली झाल्यावर ती नवीनच आली होती. तिनं बाटली हलवली, तीत कागदाची पट्टी बुडवली, पट्टीच्या टोकाचा रंग बघितला. मग मोठ्या सिरिंजमध्ये लघवी ओढून एका बारीक गाळणीतून दाबून सोडली. गाळणीची पापुद्र्याएवढी चकती चिमट्यानं काचेवर ठेवली, वर तपकिरी औषधाचा थेंब टाकला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. दोघे मामा दारात टोप्या हातात घेऊन उभे होते. 

सिस्टरनं बराच वेळ बघितलं. काच इकडे सरकवली, तिकडे सरकवली.

“पट्टीवर रक्ताचा रंग आलाय, थोडासा,” ती शेवटी म्हणाली. “अंडी दिसली नाहीत.”

“ऐकलंस?” कलिंडे जैलोसीला म्हणाला. “रक्त आहे, अंडी नाहीत. म्हणजे आजार आहे, पण पाण्याचा नाही.”

“मी तसं म्हटलं नाही, बाबा. या बाटलीत दिसली नाहीत, असं म्हटलं.”

“तेच की.”

“तेच नाहीये ते!”

पण कलिंडेनं टोपी डोक्यावर चढवली होती. त्याला हवं ते त्याला मिळालं होतं, आणि हवं ते मिळालेल्या माणसाला पुढचं ऐकू येत नाही. तो बाहेर पडला, जैलोसीही त्याच्या मागोमाग गेला. फालेसी उभीच राहिली. 

“सिस्टर,” ती म्हणाली, “दिसलं नाही म्हणजे नाहीच का?”

मटिल्डानं तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. “मासेमारांच्या गावची ना तू? पहाटे जाळं रिकामं आलं तर तळ्यात मासाच नाही, असं म्हणता का तुम्ही?”

“नाही.”

“मग? अंडी लघवीच्या पिशवीच्या भिंतीत अडकून असतात. ऊन चढलं, माणूस राबायला लागलं, की सुटतात. भर दुपारी उतरतात ती. झोपून उठल्यावर, उपाशी, अंग न हलवता... याहून वाईट वेळ शोधून सापडली नसती. कुणी सांगितलं तुला पहाटेचं?”

“मामांनी.”

“मामांनी!” सिस्टरनं कपाळावर हात मारला. “परत आण. दुपारी आण. आधी मका कांड, पाणी भर, धाव, काय वाटेल ते कर. आणि शेवटचे थेंब टाकून देऊ नकोस, खरा माल त्यांच्यात असतो.”

फालेसी जवळजवळ पळत बाहेर आली. दोघे मामा फाटकापाशी पोचले होते. तिनं धापा टाकत सगळं सांगितलं. कलिंडेनं शांतपणे ऐकून घेतलं, आणि तो शांत होता हेच वाईट होतं.

“मुआवी दोनदा पीत नाहीत, पोरी,” तो म्हणाला. “नाहीतर प्रत्येक चोर म्हणेल, आज नाही, उद्या पाजा.”

फालेसीनं जैलोसीकडे पाहिलं. हा तिच्या आईचा भाऊ. तिचा जामीन. त्यानं तिला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. जैलोसीनं मान खाली घातली आणि काठीनं वाळूत रेघ ओढत राहिला. कलिंडेच्या बोलण्यानं तिला राग आला होता. या गप्प बसण्यानं तिच्या काळजाला घरं पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरेच्या, वडासारख्या पसरलेल्या मोठ्या झाडाखाली सगळे जमले. आईच्या अंगणात मावले नसते इतके जमले. वायसन कलिंडेच्या मागे बसला होता, हाताच्या बोटांशी खेळत. तो तिच्याकडे बघत नव्हता. त्याला यातलं काहीच आवडत नसावं, पण आवडत नसताना माणसं किती काय करतात!

“गुडघे टेक,” कलिंडे म्हणाला. “आणि बोल. बोललीस की मोकळी होशील.”

फालेसी उभी राहिली. रात्रभर ती जागी होती आणि रात्रभर तिनं एकच गोष्ट उलटसुलट केली होती. तिच्या आईच्या डोळ्यांना धार लागलेली होती.

“तुम्ही याला मुआवी म्हणता ना, मामा?” तिनं कलिंडेला विचारलं.

“म्हणतो.”

“मग मी दुसऱ्यांदा पाजा म्हणत नाही. मी माझा प्याला प्याले. पण मुआवी एकट्यानं प्यायचा नसतो. ज्याच्यावर आळ आहे तो पितो, आणि ज्यानं आळ घेतला तोही पितो. तो अजून प्यायलेला नाही.”

झाडाखाली कुजबुज झाली. कलिंडेच्या कपाळाला आठ्या पडल्या. “कुणी सांगितलं तुला हे?”

“खरं आहे ते,” जैलोसी म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याचा आवाज कापत होता, पण तो उठून उभा राहिला होता. “दोघांनाही पाजायचे. नाहीतर उठसूट कुणीही कुणावर आळ घेईल. तुझ्या आजोबांच्या तोंडून ऐकलंय मी, कलिंडे, तू तेव्हा आईच्या पाठीवर होतास. वायसनची बाटली तपासा. आणि वेळ ती सिस्टर सांगेल ती. तुझ्या भाच्याला उपाशी ठेवायची मला हौस नाही.”

“अरे तपासा की!” वायसननंच तोंड उघडलं. त्याला सगळं एकदाचं संपवायचं होतं. “माझ्यात काय सापडणार? बैलासारखा आहे मी.”

त्या दिवशी त्यानं नेहमीसारखं मोठं जाळं किनाऱ्यावर ओढलं. दोर कमरेला बांधून, पाय वाळूत रोवून, गाण्याच्या तालावर मागे मागे सरत, उन्हात घामानं निथळत. तिथून तसाच, अंगाला मासळीचा वास घेऊन, तो भर दुपारी केंद्रात आला. दोघे मामा आले, फालेसी आली. सिस्टरनं त्याला बाटली दिली आणि सांगितलं, “सुरुवातीचं सोड. शेवटचं धर, थेंब न् थेंब.”

तो हसत आत गेला आणि बाहेर आला तेव्हा हसत नव्हता. बाटलीचा रंग कुणालाही मायक्रोस्कोपशिवाय दिसला असता. पातळ चहासारखा. तळाशी लालसर.

“हे... हे कधीमधी होतं मला,” तो म्हणाला. “लहानपणापासून. ओढकाम जास्त झालं की. त्यात काय?”

सिस्टर कामाला लागली. सिरिंज, गाळणी, काच, थेंब. या वेळी तिला फार शोधावं लागलं नाही.

“ये,” ती वायसनला म्हणाली. “एक डोळा मीट. लांबट दाणा दिसतोय? त्याच्या एका टोकाला काटा आहे?”

“एक नाही,” वायसन म्हणाला. त्याचा आवाज पार खाली गेला होता. “खूप आहेत.”

“लिकोझोची अंडी. तो काटा आतून ओरबाडतो, म्हणून रक्त येतं. मर्द बिर्द काही नाही. तुम्ही सगळे होडीतून तळ्यात मुतता, अंडी पाण्यात फुटतात, त्यातून निघालेली अळी गोगलगाईत जाऊन वाढते आणि बाहेर येऊन परत कातडीतून तुमच्यातच शिरते. आजीनं कोंबडी उगाच कापली.”

कलिंडेनं घसा खाकरला. “पुरुषाचं वेगळं असतं, सिस्टर.”

“अळीला चितेंजेचं कापड नेसलेली बाई आणि पँट घातलेला पुरुष यातला फरक कळत नाही, बाबा. ज्याचे पाय पाण्यात, त्याच्यात ती शिरते.”

 तेव्हा फालेसी पुढे आली. ती ओरडली नाही. तिला ओरडायचं होतं, पण आवाज निघाला तो अगदी साधा, रोज मीठ आहे का विचारावं तसा.

“वायसन, तुला आजार आहे.”

त्यानं बाटलीकडे पाहिलं.

“तुला कुणाकडून आला?”

वायसननं मामाकडे पाहिलं. मामानं खिडकीकडे. बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं.

“कुणाकडून नाही,” तो शेवटी म्हणाला. “तळ्यातून.”

“मी त्याच तळ्यात उभी असते. कपडे तिथंच धुते, भांडी तिथंच घासते, एनिफाला तिथंच आंघोळ घालते. तू होडीत तरी असतोस. मी कमरेएवढ्या पाण्यात असते, दिवसभर.”

जैलोसी मामानं काठी जमिनीवर आपटली. “झालं. आळ खोटा पडला. कलिंडे, शनिवारी बकरा घेऊन ये. झाडाखाली, सगळ्यांसमोर. जितक्यांनी ऐकलं तितक्यांनी आता हेही ऐकू दे.” आणि मग तो काठी दुसऱ्या हातात घेऊन भाचीकडे वळला. फालेसीनं त्याचा हात धरला. तिला त्याच्यावर रागावायचं राहून गेलं होतं आणि आता जमेना.

कलिंडे निघून गेला, पाठोपाठ वायसन. सिस्टर फालेसीला म्हणाली, “तू थांब. त्यांचं झालं. आता तुझं.”

केंद्रामागे रुग्णांचे नातेवाईक स्वयंपाक करत, तिथं एका म्हातारीचं मका कांडायचं चाललं होतं. फालेसीनं तिच्या हातून मुसळ घेतलं. उन्हात, उखळात, घाव घालत राहिली. खांदे भरून आले, चितेंजे घामानं अंगाला चिकटलं. कांडताना तिच्या मनात जे जे होतं ते सगळं त्या मक्यावर निघालं. म्हातारी म्हणाली, “पुरे गं, पीठच झालं, आता काय धूळ करतेस?” मग फालेसी बाटली घेऊन आडोशाला गेली. या वेळी तिच्यावर पहाऱ्याला कुणी नव्हतं.

सिस्टरनं बघितलं आणि हळूच मान हलवली. “आहेत. त्याच्यापेक्षा जास्त आहेत.”

फालेसीला वाटलं होतं, हे ऐकल्यावर ती हसेल. तिनं विचारलं, “आता बरी होईन ना मी?”

सिस्टरनं उंची मोजायच्या दांडीशी तिला उभं केलं आणि त्याप्रमाणे गोळ्या काढल्या. मोठ्या, पांढऱ्या. “किडे मरतील. दुखणं, आग, रक्त कमी होईल. पण तळ्यात परत उतरलीस की परत होईल, आणि तू उतरणार नाहीस असं मी कुठल्या तोंडानं सांगू?”

“आणि मूल?”

मटिल्डाचा वैताग कुठे गेला कुणास ठाऊक. ती स्टुलावर बसली. “नुसती खाली लघवीच्या पिशवीत नसतात ती अंडी. बाईच्या आतल्या अंगातही जाऊन रुततात. तिथं वण पडतात. अंडी मेली तरी वण जातीलच असं नाही. मोठ्या इस्पितळात बघून सांगतील. राहील मूल, नाही राहणार, मला माहीत नाही. खोटं सांगणार नाही मी तुला.”

“पहिल्यांदा आले होते तेव्हाच कुणी बघितलं असतं तर?”

सिस्टरनं टेबलावरची काच पुसायला घेतली. फालेसी भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. झाडाखाली एवढ्या लोकांसमोर तिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. ते सगळं आता निघालं. तिचं नाव धुऊन निघालं होतं, आणि ज्या बाळाची ती इतकी वर्षं वाट बघत होती ते कदाचित कधीच येणार नव्हतं. कुणावर दात खावे, हेही तिला कळेना. सिस्टरनं तिला गोळ्यांबरोबर घ्यायला स्वतःच्या डब्यातला रताळ्याचा तुकडा दिला.

उन्हं कलली तेव्हा ती घरी होती, अंगणातल्या मांडवावर बारीक मासळी पसरत. वायसन आला. काखेत गुंडाळलेली चटई होती. तो कुडापाशी थांबला, आत ये म्हणेल कुणी याची वाट बघत. आपणच बांधलेल्या घरासमोर माणसाला असं उभं राहावं लागतं, हे बघून फालेसीला भडभडून आलं.

“मामा बकरा आणतायत,” तो म्हणाला.

“कळलं.”

“होडीवरच्यांना मी सांगितलं सगळं. म्हटलं, माझ्यातच निघालं. हसले. मग एकेक करून विचारायला लागले, ती सिस्टर कधी असते म्हणून.”

फालेसीला हसू आलं. तो आपल्या लोकांसमोर कमीपणा घेऊन आला होता, आणि वायसनसारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तो तिला हवा होता. रात्री कूस बदलली की हाताला लागणारी त्याची पाठ हवी होती, एनिफाला हसवणारा तिचा बाप हवा होता. मूल होणार नाही कदाचित, हेही तिला त्यालाच सांगायचं होतं, दुसऱ्या कुणाला नाही. तिनं हात पुसले आणि त्याच्यासाठी स्टूल आणायला वळली.

“फालेसी,” तो मागून म्हणाला. “सिस्टरनं तुझीही परत बघितली म्हणे. दुपारची.”

“बघितली.”

“दिसलं का?”

ती थांबली. त्याच्या आवाजात वाकडं काही नव्हतं. सहज विचारल्यासारखं विचारलं होतं त्यानं, फक्त चटई अजून काखेतच होती. फालेसी वळली आणि त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, “नाही.”

वायसनचा चेहरा बदलला नाही. बदलला असता, तो चिडला असता, तर बरं झालं असतं. त्याची नजर तेवढी तिच्यावरून हळूच घसरली आणि मासळीवर जाऊन थांबली.

“मग...” तो म्हणाला आणि पुढे बोललाच नाही.

अंगणात माश्या घोंगावत होत्या. फालेसी त्याच्याजवळ गेली.

“दिसलं, वायसन. भरपूर दिसलं. तुझ्यापेक्षा जास्त.”

त्यानं सुटल्यासारखा श्वास सोडला, आणि तो श्वास तिनं ऐकला. “अगं, मग आधी नाही का म्हणालीस?”

“तू काय म्हणतोस ते ऐकायचं होतं.”

“मी काही म्हटलं नाही! काय म्हटलं मी?”

“दुपारी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंस. तळ्यातून आलं, असं स्वतःच्या तोंडानं म्हणालास. तरी माझ्या बाटलीवाचून तुझा पाय या दारात पडेना.” तिचा आवाज फुटला, तिनं तो फुटू दिला. “सिस्टरकडे उद्या जा. तुझ्या गोळ्या घ्यायच्या राहिल्यात, त्या घे. एनिफाला भेटायला ये, कधीही ये. चटई मात्र आत आणू नकोस.”

त्यानं चटई दुसऱ्या काखेत घेतली. काहीतरी म्हणाला, माफ कर असं असावं, पण ते त्यानं जमिनीकडे बघत म्हटलं. मग तो तळ्याच्या वाटेनं गेला. फालेसी मांडवापाशी परत आली आणि मासळी उलटवू लागली. तिला रडू येत होतं, ते तिनं आवरलं नाही, आणि त्याला हाकही मारली नाही.